एकाच तालुक्यातले दोन कवी, पिढी एक की दोन?

नमस्कार मंडळी, आज वेंगुर्ल्याहून बोलतोय, मागे बंदर दिसतंय ना, वारा भरपूर आहे म्हणून आवाज जरा चढा लागेल. विषय आहे लेखकाची पिढी. शाळेत आपल्याला जन्मसाल बघून लेखकांच्या पिढ्या शिकवतात आणि मला ते कधीच पटलेलं नाही.

हे बघा. मंगेश पाडगावकर इथलेच, वेंगुर्ल्याचे, जन्म १९२९. आरती प्रभू म्हणजे आपले चिं. त्र्यं. खानोलकर, तेही याच तालुक्यातले, बागलांची राई, जन्म १९३०. फरक वर्षाचा. पण पाडगावकरांचा ‘धारानृत्य’ आला १९५० ला, खानोलकरांचा ‘जोगवा’ थेट १९५९ ला, मधल्या काळात हा माणूस कुडाळात खानावळ सांभाळत कविता लिहीत होता. उलट विंदा करंदीकर देवगडकडचे, १९१८ चे, पाडगावकरांहून चांगले अकरा वर्षांनी मोठे, तरी विंदा-बापट-पाडगावकर आपण एका दमात म्हणतो, कारण तिघं मिळून गावोगाव कविता वाचत फिरले.

म्हणजे पिढी जमते ती सोबतीने. आणि कोकणात बसून लिहिणाऱ्याला ही सोबत मिळणार कुठून? कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली १९९८ ला हो! तोवर एसटी, बोट आणि पोस्टमन. कविता पाकिटात घालायची, मुंबईला ‘सत्यकथा’ मासिकाकडे पाठवायची आणि वाट बघत बसायचं.

म्हणून लेखकाची खरी सोबत कोणाची होती ते शोधायचं तर त्याची पत्रं वाचावीत. छापायच्या लेखात माणूस सगळ्यांना सांभाळून लिहितो, पत्रात समोर एकच जण असतो, मग खरं काय वाटतं ते येतं.

कथाकार जी. ए. कुलकर्णी घ्या. जन्म १९२३, गंगाधर गाडगीळांचाही १९२३. गाडगीळ नवकथेच्या, म्हणजे मराठी कथेला नवं वळण देणाऱ्या प्रवाहाच्या, ऐन मध्यावर, आणि जी.ए. धारवाडला इंग्रजी शिकवतायत, सभा-संमेलनांपासून लांब. पण सुनीताबाई देशपांड्यांना लिहिलेली त्यांची पत्रं काढा, जगभरातल्या पुस्तकांवर भरभरून बोलतात, या माणसाची सोबत पार दुसऱ्याच देशांत, दुसऱ्याच काळात होती असं मला तरी वाटतं. आणि सुनीताबाई आपल्या रत्नागिरीच्या! त्यांनी पुढे पु.लं.सोबत जाहीर वाचन केलं ते मर्ढेकर, बोरकर आणि आरती प्रभूंचं, मर्ढेकर १९०९ चे नि खानोलकर १९३० चे, आता बसवा यांना जन्मसालाच्या खणात.

पत्रसंग्रह वाचताना शेजारी वही ठेवा. कोणाचं पुस्तक मागवलंय, नवीन लिखाण आधी कोणाला दाखवलंय, कोणाचं नाव आलं की भाषा बदलते, ती नावं टिपत जा. सुरुवात ‘प्रिय जी. ए.’पासून करा, त्यात सुनीताबाईंची पत्रं आहेत, आणि सोबत जी.एंच्या निवडक पत्रांचा खंड घ्या, मौज प्रकाशनाचा.

आणि घरी ट्रंकेत आजोबांची, कोणा लिहिणाऱ्या काकांची पत्रं असतील तर पावसाआधी बाहेर काढा, ओल लागली की शाई फुटते, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पाकिटावरचा पोस्टाचा शिक्कासुद्धा.