उसनं धड, खरा पंजा आणि गाडीवरचं नाव

हा फोटो नीट बघा. 27 फेब्रुवारी 1860, न्यूयॉर्क. इलिनॉयहून आलेला एक उंच, हडकुळा वकील मॅथ्यू ब्रॅडीच्या स्टुडिओत उभा आहे. रात्री त्याला कूपर युनियनमध्ये भाषण करायचंय. मान फारच लांब दिसते, म्हणून ब्रॅडीनं त्याची कॉलर वर ओढली. त्याच वर्षी हा वकील निवडून आला. अब्राहम लिंकन.

दाढीसुद्धा सल्ल्याचीच. ऐन निवडणुकीत ग्रेस बेडेल या 11 वर्षांच्या मुलीनं पत्रानं कळवलं, तुमचा चेहरा फार बारीक आहे, दाढी राखा. त्यानं राखली.

आता हे दुसरं चित्र. काय रुबाब आहे! पण यातला लिंकन फक्त गळ्याच्या वरचा. धड जॉन कॅल्हून यांचं, म्हणजे गुलामगिरीच्या कट्टर समर्थकाचं. जुन्या छापचित्रावर नवं डोकं बसवलं. शेजारच्या कागदावर 'राज्यांचं सार्वभौमत्व' होतं, तिथे 'स्वातंत्र्याची घोषणा' आली. इतकी निर्लज्ज कारागिरी क्वचितच बघायला मिळते.

हसू नका, आपणही कमी नाही. महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर लिंकननं हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र टांगलेलं असतं. ते त्यानं लिहिल्याचा पुरावा आजवर मिळालेला नाही.

खरा लिंकन शोधायचा तर हातांकडे जावं लागतं. 1860 साली शिल्पकार लिओनार्ड व्होकनं त्याच्या पंजांचे साचे घेतले. उजवा पंजा सुजलेला आहे. उमेदवारी मिळाल्यावर अभिनंदनाला आलेल्यांशी हस्तांदोलन करून करून! डॅनियल चेस्टर फ्रेंच यांनी वॉशिंग्टनचा तो 19 फुटी बसलेला लिंकन घडवताना या साच्यांचा अभ्यास केला. पांढऱ्या संगमरवराचे 28 तुकडे जोडलेला हा पुतळा 1922 मध्ये खुला झाला.

सिनेमात प्रश्न आवाजाचा. एवढ्या थोर माणसाचा आवाज भारदस्तच असणार, असं आपण धरून चालतो. ज्यांनी तो ऐकला, त्यांनी मात्र पातळ, चिरका म्हणून लिहून ठेवलाय. 2012 च्या चित्रपटात डॅनियल डे-लुईस तसाच बोलला आणि ऑस्कर घेऊन गेला. त्यात ऐकू येणारी घड्याळाची टिकटिकही लिंकनच्या खऱ्या खिशातल्या घड्याळाची आहे.

आणि मोटार? हेन्री लेलंड यांनी आयुष्यातलं पहिलं मत 1864 मध्ये लिंकनला दिलं होतं. कॅडिलॅक सोडून 1917 मध्ये नवी कंपनी काढली, तिला त्यांनी त्याचंच नाव दिलं. आधी विमानांची इंजिनं, मग मोटारी. 1922 मध्ये कंपनी डबघाईला आली आणि हेन्री फोर्ड यांनी ती 80 लाख डॉलरला घेतली. नाव राहिलं. 1963 मध्ये डॅलसला केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा ते लिंकन गाडीतच होते. 2014 च्या जाहिरातींत अभिनेता मॅथ्यू मॅकॉनाहे त्याच नावाची गाडी हाकत स्वतःशी पुटपुटतो. लेलंड यांच्या मताचा तिथे मागमूसही नाही.