आजीचे प्रश्न आणि सोयूझ टी-११

[दृश्य: चाळीची गॅलरी, कलतं ऊन. गच्चीवर अँटेना.]

३ एप्रिल १९८४, मंगळवार. आदल्याच दिवशी पाडवा झाला होता. गुढी उतरली होती, गाठीचे तुकडे मात्र अजून डब्यात होते. वार्षिक परीक्षा तोंडावर होती, तरी त्या संध्याकाळी आम्हाला कुणी ‘अभ्यासाला बस’ म्हटलं नाही.

मजल्यावर टीव्ही एकच, आमचा. लाकडी पेटीतला, सरकत्या दारांचा, कृष्णधवल. साडेसहाच्या आत उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग लागला. काका गच्चीवर अँटेना फिरवत होते आणि मी जिन्यातून ओरडत होते, “आलं, आलं... गेलं!”

[दृश्य: बैकानूरच्या उड्डाणाचं जुनं चित्रीकरण.]

आपल्या घड्याळात ६ वाजून ३८ मिनिटं झाली होती, तेव्हा सोव्हिएत संघाच्या बैकानूर तळाहून सोयूझ टी-११ हे यान उडालं. आत कमांडर युरी मालिशेव, फ्लाइट इंजिनिअर गेन्नादी स्त्रेकालोव आणि आपल्या हवाई दलाचे स्क्वाड्रन लीडर राकेश शर्मा. पडद्यावर मुंग्यांच्या गर्दीत पांढरा झोत दिसत होता. खोलीत कुणी श्वाससुद्धा मोठ्यानं घेत नव्हतं. आजीनं हात जोडले, आणि मग तिनंच पहिला प्रश्न विचारला.

“जेवणार काय रे तो तिथे?”

सगळे हसले. मीही हसले. पण हा प्रश्न मैसूरच्या संरक्षण खात्याच्या अन्न प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनाही पडलेला होता, आणि त्यांनी चक्क शिरा, पुलाव, छोले अंतराळात नेण्याजोगे करून दिले होते. आजीला हे कळलं असतं तर शिऱ्याचं नाव ऐकून ती निर्धास्त झाली असती.

रात्री बाबांनी गुढीचा तांब्या पुन्हा काढला. तो उपडा घालून म्हणाले, “ही पृथ्वी. आणि ते जाणार ते सॅल्यूत अंतराळ स्थानक इथे.” बोट तांब्याला जवळजवळ चिकटलेलंच! जमिनीपासून ३०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे मुंबईहून पुण्याला जाऊन यायचं तेवढंच, फक्त सरळ वर. साधारण दीड तासात एक प्रदक्षिणा. आम्ही गच्चीवर धावलो. पश्चिमेला बारीक चंद्रकोर होती. आम्ही कितीतरी वेळ मान वर करून उभे होतो.

दुसऱ्या दिवशी यान सॅल्यूत-७ ला जोडलं गेलं. तिथे सोव्हिएत अंतराळवीर किझिम, सोलोव्योव आणि हृदयरोगतज्ज्ञ अत्कोव आधीपासून राहत होते. स्थानकात आता सहा माणसं झाली. शर्मांनी भारताची छायाचित्रं घेतली, वजनरहित अवस्थेत योगासनांचा उपयोग होतो का, हेही स्वतःवर तपासून पाहिलं.

[दृश्य: पंतप्रधान दूरध्वनीवर. पडद्यावर अंतराळवीर.]

इंदिराजींनी विचारलं, वरून भारत कसा दिसतो? उत्तर आलं, “सारे जहाँ से अच्छा.” चाळभर टाळ्या पडल्या. हे बहुतेकांना आठवतं. मला मात्र आजीचा त्यानंतरचा प्रश्न जास्त आठवतो. रवीश मल्होत्रांचं नाव तिच्या कानावर पडलं होतं. त्यांनीही रशियात तेच प्रशिक्षण घेतलं होतं, पण राखीव म्हणून ते जमिनीवरच राहिले. आजी म्हणाली, “त्याच्या आईला आज काय वाटत असेल गं?”

टाळ्या थांबल्या होत्या. आईनं तिच्या पाठीवरून नुसता हात फिरवला.

११ एप्रिलला ते कझाकस्तानात सुखरूप उतरले. आजीनं देवापुढे साखर ठेवली, आणि बाबांना विचारलं, “ज्या गाडीनं गेला, त्याच गाडीनं आला ना?”

“हो तर,” बाबा म्हणाले.

[दृश्य: सोयूझचं यान, स्थानकाला जोडलेलं.]

तसं नव्हतं. मला ते फार वर्षांनी वाचनात सापडलं. अंतराळात महिनोन्‌महिने जोडून ठेवलेलं यान जुनं होत जातं. म्हणून पाहुणे आपलं ताजं यान मुक्कामी असलेल्यांसाठी ठेवतात आणि त्यांचं जुनं घेऊन परततात. शर्मा, मालिशेव आणि स्त्रेकालोव सोयूझ टी-१० मधून आले. टी-११ तिथेच राहिलं, आणि ते तिघे मुक्कामी ऑक्टोबरमध्ये त्यातून उतरले.

मला हे कळलं तोवर आजी गेली होती. मी बाबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मी तिला हो म्हणालो होतो गं.”