शाळेचं मैदान वापरतात सगळे, बिल भरतं कोण?

नमस्कार मंडळी. संध्याकाळी सहाच्या सुमारास कोपरखैरणेत एखाद्या शाळेच्या मैदानावर चक्कर मारा. पोरांचं टेनिस बॉल क्रिकेट चाललेलं असतं, कडेकडेने आजी-आजोबा राउंड मारत असतात, आणि वॉचमनकाका कधी एकदा गेट लावतोय म्हणून ताटकळत उभे. हे मैदान शाळेचं की पब्लिकचं, हा वाद नवी मुंबईत जुनाच. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने बऱ्याच शाळांना इमारतीसोबत मैदानाचा प्लॉटही दिला, तोही सवलतीत, आणि शाळा सुटल्यावर आसपासच्यांना वापरू द्यायचं अशी अट घातली. म्हणजे हक्काचं झालं. पण गेटवर तावातावाने भांडणाऱ्यांपैकी खर्चाचं नाव कोणी काढत नाही, मी आज त्यावरच बोलणारे.

मोकळ्या जागेला कसला आलाय खर्च, असं वाटतं ना? अहो, पावसाळ्यात चार महिने पाणी साचतं, गवत गुडघ्यापर्यंत येतं, माती वाहून गटारात जाते, मग ऑक्टोबरात गवत काढा, लाल माती आणा, पसरा, पाणी मारा, रोलर फिरवा. उन्हाळ्यात धूळ उडाली की समोरच्या बिल्डिंगवाले ओरडतात, परत टँकर. शिवाय वॉचमन, लाइटबिल, संडासाची साफसफाई. हे सगळं जातं फीमधून. मग शाळा वैतागून तासावर भाडं लावते, एखाद्या कोचिंगवाल्याला अख्खी संध्याकाळ देऊन टाकते, आणि माथाडींच्या घरांतली पोरं रस्त्यावर रिक्षांच्या मधे स्टंप लावतात.

माझं म्हणणं एवढंच की भाडं नको, झालेल्या खर्चातला वाटा घ्या. समजा शाळा आठवड्याला ३० तास मैदान वापरते आणि बाहेरचे २० तास. तर माती, पाणी, रोलर हे साठ-चाळीस. संध्याकाळचा वॉचमन आणि लाइट पूर्ण बाहेरच्यांकडे, कारण शाळा तर तेव्हा सुटलेली असते. स्नेहसंमेलनाचं स्टेज मात्र शाळेने आपलं आपण बघावं. आता महिन्याचा सामाईक खर्च ३०,००० धरला तर बाहेरच्यांवर १२,००० येतात, आजूबाजूच्या सोसायट्यांचे ६०० फ्लॅट धरा, घरटी २० रुपये झाले, वर लाइट-वॉचमनचे थोडे. वीस रुपयात हल्ली वडापाव कसाबसा येतो.

पण नुसते तास मोजून चालत नाही हं. चालणाऱ्या आजी मैदानाचं काय बिघडवणार? खरी वाट लावतो तो मंडप. पाऊस संपतो, मैदान नुकतं सपाट केलेलं असतं आणि लगेच नवरात्र. बांबूसाठी पहारीने हातभर खड्डे पाडतात, दहाव्या दिवशी बांबू उपटून पायाने माती ढकलतात, वरून सगळं छान दिसतं, आणि पाणी मारलं की ती माती खाली बसते, खळगा तयार, बॉलमागे धावणाऱ्या पोराचा घोटा नेमका तिथेच मुरगळतो. म्हणून मंडपवाल्यांकडून डिपॉझिट घ्यायचं आणि खड्डे ठोकून भरून रोलर फिरल्याशिवाय परत द्यायचं नाही, मग मंडळ कोणत्या का नेत्याचं असेना. एंट्री फी घेऊन टुर्नामेंट भरवणाऱ्यांनीही जास्तच द्यावेत, ते बक्षिसाची ट्रॉफी पोराच्या उंचीची आणतात, तर मातीला पैसे का नसावेत? रोज खेळणाऱ्या पोरांकडून मात्र एक रुपया घेऊ नका. ज्यांच्या वस्तीत सोसायटीच नाही त्यांचा वाटा महापालिकेने उचलावा, नवीन मैदान करण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त, आणि तसाही प्लॉट आता उरलाय कुठे!

संस्थाचालकांची एक भीती मला पटते. कोणाचा हात मोडला तर जबाबदारी कोणाची? त्यासाठी अपघात विम्याचा हप्ता सामाईक खर्चात धरा. मैदानाचं खातं वेगळं ठेवा, आणि बिलं गेटवरच्या बोर्डावर लावा, नाहीतर तिसऱ्या महिन्यात सोसायट्या हात वर करणार, लिहून घ्या.

आणि खरा आकडा मिळवायला फार खटपट नाही. २०११ च्या फी नियमन कायद्याप्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळेला फीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो. त्या समितीतले पालक तुमच्याच सोसायटीत राहतात, मैदानावर किती गेले ते त्यांना विचारायला सांगा, आणि तो कागद घेऊन सोसायटीच्या मीटिंगला या.