नामदार गोखले : मत नसलेल्या सभागृहातली दहा वर्षं

[दृश्य : कलकत्त्याचं राज्यपालांचं निवासस्थान, आजचं. मग विरघळत जुनं छायाचित्र, त्याच इमारतीचं.]

२६ मार्च १९०२. ही इमारत तेव्हा गव्हर्न्मेंट हाउस म्हणून ओळखली जायची. व्हाइसरॉयचं निवासस्थान, आणि त्याच्याच छपराखाली देशाचं कायदे कौन्सिल. अध्यक्षस्थानी लॉर्ड कर्झन. शेजारी अर्थखात्याचे सर एडवर्ड लॉ, खुशीत. खुशीचं कारण होतं सात कोटी रुपयांची शिल्लक. इतकी शिल्लक हिंदुस्थानच्या तिजोरीत आधी कधी पडली नव्हती.

मग एक पस्तीस वर्षांचे सदस्य बोलायला लागले. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातले प्राध्यापक, कौन्सिलात नवखे. त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं की या अभिनंदनात सामील होणं माझ्या सदसद्विवेकाला मानवणार नाही. लोक दुष्काळानं आणि प्लेगनं खंगलेले असताना सरकारकडे वर्षामागून वर्ष पैसा उरतो, याचा अर्थ सरकारच्या हिशोबाचा आणि लोकांच्या स्थितीचा काही मेळच उरलेला नाही.

हे गोपाळ कृष्ण गोखले. या कौन्सिलातलं त्यांचं पहिलंच बजेटचं भाषण.

[दृश्य : जुन्या रुपयाचं नाणं, हळूहळू फिरतं.]

त्यांचा मुद्दा समजायला थोडं मागं जावं लागतं. १८८० च्या दशकात चांदी स्वस्त होत गेली आणि रुपया घसरत गेला. विलायतेला दरसाल पाठवायची रक्कम पौंडात, म्हणजे तीच रक्कम भागवायला जास्त रुपये लागू लागले. ती तूट भरायला सरकारनं १८८६ मध्ये प्राप्तीवर कर बसवला, १८८८ मध्ये मिठावरचा कर वाढवला. मग १८९३ मध्ये टांकसाळी चांदीला बंद झाल्या, म्हणजे कुणालाही चांदी देऊन रुपये पाडून घेता येईनात, रुपया सोळा पेन्सवर आणून ठेवला गेला. खर्चाचं ओझं कमी झालं, तरी कर होते तिथंच राहिले. गोखल्यांचं म्हणणं एवढंच, की ही शिल्लक समृद्धीची नाही. ज्या कारणासाठी कर बसवले ते कारण संपलं, तेव्हा कर कमी करा.

आज एखाद्या वर्तमानपत्राच्या अग्रलेखात हे सहज खपून जाईल. १९०२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या तोंडावर, सरकारच्याच आकड्यांनी सांगितलं गेलं, आणि सरकारच्याच छापील कार्यवृत्तात नोंदलं गेलं.

[दृश्य : कौन्सिलच्या कार्यवृत्ताची जुनी पानं.]

आता या सभासदत्वाची गंमत बघा. गोखले इतकं बोलले, पण त्या बजेटवर त्यांना मत देता येत नव्हतं. त्यांनाच काय, कुणालाच नव्हतं. १८९२ च्या कायद्यानं सदस्यांना दोन गोष्टी दिल्या होत्या. बजेटवर बोलायचं आणि प्रश्न विचारायचा. प्रश्नाला उत्तर मिळालं की विषय संपला, उपप्रश्न नाही. बजेटवर ठराव मांडता येत नव्हता, एक पैसा कमी करा असं सुचवून मतं घेता येत नव्हती. एकेक सदस्य बोलायचा, शेवटी अर्थसदस्य उत्तर द्यायचे, त्यानंतर व्हाइसरॉय समारोप करायचे आणि बजेट जसं आलं तसंच बाहेर पडायचं.

कौन्सिलात शिरण्याची वाटही अरुंद. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाशिवाय जास्तीत जास्त सोळा ज्यादा सदस्य. मुंबई, मद्रास, बंगाल आणि वायव्य प्रांत (साधारण आजचा उत्तर प्रदेश), या चार प्रांतांच्या कौन्सिलांतले बिनसरकारी सदस्य प्रत्येकी एक नाव सुचवणार. कलकत्त्याचं चेंबर ऑफ कॉमर्स एक नाव सुचवणार. बाकीचे सरकार नेमणार. कायद्यात ‘निवडणूक’ हा शब्द मुद्दाम येऊ दिलेला नव्हता. मुंबई इलाख्यातले कोट्यवधी लोक आणि त्यांच्या वतीनं एक माणूस, तोही मोजक्या मंडळींनी सुचवलेला.

मुंबईची ती जागा आधी फिरोजशहा मेहतांकडे होती. प्रकृतीमुळे ते ती सोडणार असं दिसल्यावर गोखल्यांनी त्यांना पत्र लिहून आपली इच्छा कळवली. त्यामागं एक जखम होती. १८९७ मध्ये विलायतेत असताना, पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या सोजिरांनी केलेल्या अत्याचारांबद्दल गोखले बोलले होते. परत आल्यावर ते सिद्ध करता येईना, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. पुण्यानं ती माफी त्यांना बरीच वर्षं विसरू दिली नाही. वरिष्ठ कौन्सिलातल्या कामानं तो डाग पुसायचा, असं त्यांच्या मनात होतं.

[दृश्य : सोलापूरची जुनी रस्त्यावरची छायाचित्रं.]

आता थोडं सोलापूरला जाऊ. कारण २६ मार्चच्या भाषणामागचा एक माणूस कलकत्त्यात नव्हताच.

गणेश व्यंकटेश जोशी. सरकारी शाळेचे हेडमास्तर. न्यायमूर्ती रानड्यांच्या वर्तुळातले. सरकारी अहवाल, जमाखर्चाची पत्रकं, शेतसाऱ्याचे तक्ते वाचून त्यातून अर्थ काढणं हा त्यांचा नाद. सरकारी नोकरीत असल्यामुळे स्वतः व्यासपीठावर उभं राहून सरकारवर टीका करणं त्यांना शक्य नव्हतं. रानडे १९०१ च्या जानेवारीत गेले, आणि अर्थशास्त्रातला आधार म्हणून गोखल्यांना उरले ते हे जोशीमास्तर. पहिल्या बजेटच्या भाषणाची मांडणी, आकडे, बरीचशी जोशींची. भाषण गाजल्यावर गोखल्यांनी त्यांना पत्रातून प्रांजळपणे कळवलं, की हे भाषण माझ्यापेक्षा तुमचंच जास्त आहे, आणि सारं श्रेय मी घेतोय म्हणजे लोकांची जवळजवळ फसवणूकच करतोय.

गोखले स्वतः गणितात कच्चे होते असं मात्र नाही. शाळेत गणित शिकवलेला माणूस. त्यांचं अंकगणिताचं पुस्तक शाळांतून चालायचं. डेक्कन एज्युकेशन सोसायटीत दरमहा ७५ रुपयांवर वीस वर्षं शिकवायची शपथ त्यांनी घेतली होती आणि ती पाळली. १९०२ मध्ये कॉलेज सोडलं, आणि कौन्सिल हेच पूर्णवेळ काम झालं.

[दृश्य : मिठागर, मिठाचे ढीग.]

बोलून उपयोग काय झाला? झाला, थोडा. १९०३ मध्ये मिठावरचा कर मणामागं अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीडवर, १९०७ मध्ये एक रुपयावर. प्राप्तिकराची किमान मर्यादा वर्षाला ५०० रुपयांवरून १००० झाली. हे सगळं गोखल्यांच्या भाषणांनी झालं असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. तिजोरी भरलेली असल्यामुळे सरकारलाही ते परवडत होतं. पण कोणता कर आधी कमी करायचा हे ठरताना एक आवाज वर्षानुवर्षं ‘मीठ, मीठ’ म्हणत होता, हेही खरं. उलट देशी गिरण्यांच्या कापडावरचा साडेतीन टक्क्यांचा कर लँकेशायरच्या गिरण्यांसाठी ठेवलेला होता. तिथं गोखल्यांचं काही चाललं नाही. तो उठायला १९२५ साल उजाडलं.

कर्झन हुशार होता आणि गोखल्यांची हुशारी त्याला कळत होती. १९०४ मध्ये सी. आय. ई. हा किताब देऊन त्यानं ती मान्यही केली. पण कौन्सिलात त्यानं पाहिजे तेच केलं. विद्यापीठांवर सरकारचा ताबा वाढवणारं विधेयक आलं. गोखले निवड समितीत भांडले, सभागृहात भांडले. कायदा झाला. पुढच्याच वर्षी निराळाच पेच निघाला. या कायद्याखाली काढलेल्या काही अधिसूचना बेकायदा असल्याची तक्रार मुंबईच्या हायकोर्टात गेली. सरकारनं काय करावं? कोर्टाच्या निकालाची वाट न बघता नवं विधेयक आणलं, की जे केलं ते कायदेशीरच होतं असं समजावं. गोखल्यांनी १९०५ च्या फेब्रुवारीत त्या विधेयकाचा पार पिंजून समाचार घेतला. विधेयक अर्थातच मंजूर झालं.

हे ‘अर्थातच’ पुढं पुन्हा पुन्हा येत राहतं.

१९०७ चा नोव्हेंबर. सिमला. थंडी पडायला लागलेली, बहुतेक बिनसरकारी सदस्य आपापल्या गावी. राजद्रोही सभांना बंदी घालणारं विधेयक नेमकं तिथंच आणलं गेलं. विरोधात बोलायला गोखले होते, डॉक्टर रासबिहारी घोष होते, आणि पंजाबातल्या नाभा संस्थानाचे युवराज रिपुदमन सिंग. तीन माणसं.

[दृश्य : केसरीच्या जुन्या अंकांची मांडणी.]

पुण्यात याच सुमाराला केसरीवाले विचारत होते, की हे चाललंय तरी काय? हात जोडून हरायचं, आणि हरल्यावर नामदार म्हणवून घ्यायचं? हा प्रश्न उद्धट होता, पण पोकळ नव्हता. १९१० मध्ये वृत्तपत्रांचा गळा आवळणारा कायदा आला तेव्हा तर गोखल्यांनी त्याला विरोधही केला नाही. त्यांची कारणं होती. दहशतवादी खुनांनी वातावरण तापलं होतं, आणि नुकत्याच मिळालेल्या सुधारणा हातच्या जाऊ नयेत असंही त्यांना वाटत होतं. तरी त्या दिवशी त्यांनी ‘नाही’ म्हणायला हवं होतं, असंच आम्हाला वाटतं.

[दृश्य : १९०९ च्या सुधारणांबाबतचा आराखडा, आकड्यांसह पडद्यावर.]

या सुधारणा म्हणजे १९०९ चा मोर्ले-मिंटो कायदा. कौन्सिल फुगलं. ज्यादा सदस्य साठ, त्यातले सत्तावीस निवडून आलेले. तेरा प्रांतिक कौन्सिलांकडून, सहा जमीनदारांकडून, पाच मुसलमानांच्या स्वतंत्र मतदारसंघांतून, दोन कलकत्ता आणि मुंबईच्या चेंबर ऑफ कॉमर्सकडून, आणि एक जागा आळीपाळीनं जमीनदार नि मुसलमानांना. सरकारी बहुमत मात्र जाणूनबुजून राखलेलं. सरकारी सदस्यानं सरकारच्या बाजूनंच हात वर करायचा, तिथं सवड नाही. नवीन काय? ठराव मांडता येऊ लागले, त्यांवर मतं घेता येऊ लागली. ठराव मंजूर झाला तरी ती सरकारला शिफारसच. निदान कोण कुठल्या बाजूला हे कागदावर येऊ लागलं.

गोखल्यांनी ते हत्यार लगेच उचललं. २५ फेब्रुवारी १९१० रोजी त्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले, मजूर पाठवणं बंद करा असा ठराव मांडला. तिथून गांधींची पत्रं येत होती, तिथल्या लोकांचे हाल कौन्सिलात मांडायला माणूस हवा होता. सरकारनं ठराव स्वीकारला आणि १ जुलै १९११ पासून नाताळची मजूरभरती थांबली. बहुमत नसताना जिंकलेली ही लढाई. कारण इथं हिंदुस्थान सरकारलाही आफ्रिकेतल्या गोऱ्यांचा राग आलेला होता.

दुसरी लढाई मात्र मोठी होती.

[दृश्य : खेड्यातली शाळा, जुनं छायाचित्र. पाट्या-पेन्सिली.]

१९११ च्या शिरगणतीत शंभरात सहा माणसांना लिहिता-वाचता येत होतं. बायकांमध्ये शंभरात एक. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीच्या भागात सक्तीचं शिक्षण सुरू केलं होतं, १९०६ पासून सगळ्या संस्थानात. संस्थानाला जमतं, तर साम्राज्याला का नाही?

१६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. आज वाचलं तर त्यातली सावधगिरी बघून आश्चर्य वाटतं. सक्ती देशभर नाही, ज्या नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला हवी तिथंच, तीही सरकारची परवानगी घेऊन. आधीच ठराविक टक्के मुलं शाळेत जात असतील तरच. वय सहा ते दहा. आधी मुलगे, मुली पुढं केव्हातरी. महिना दहा रुपयांच्या आत कमाई असलेल्या बापाला फी नाही. खर्चाचे दोन वाटे सरकारनं, एक स्थानिक संस्थेनं उचलावा. कुणी नाही म्हणू नये म्हणून एकेका शब्दावर घासलेलं विधेयक.

तरी लोक नाही म्हणाले. विधेयक वर्षभर प्रांतोप्रांती मतासाठी फिरलं. प्रांतिक सरकारांनी कळवलं, पैसा नाही, वेळ आलेली नाही, खुशीनं जेवढं शिक्षण पसरेल तेवढं आधी पसरू द्या. जमीनदार वर्गातल्या सदस्यांमध्येही विरोध होता. कुळाचा पोरगा शाळेत गेला तर गुरांमागं कोण जाईल, ही चिंता काही इंग्रजांची नव्हती. बाजूनं उभे राहिलेल्यांत मदनमोहन मालवीय होते, आणि मुंबईच्या मुसलमानांचे प्रतिनिधी म्हणून आलेले बॅरिस्टर जीना.

१८ आणि १९ मार्च १९१२, दोन दिवस चर्चा चालली. मागणी कायदा मंजूर करा अशीही नव्हती; विधेयक निवड समितीकडे पाठवा, इतकीच होती. मतांच्या आधीच गोखल्यांनी सांगून टाकलं, की आज हे फेटाळलं जाणार हे मला माहीत आहे आणि माझी तक्रार नाही. आमच्या पिढीनं देशाची सेवा आपल्या अपयशांनीच करायची आहे, यशानं सेवा करणारे पुढं येतील.

मतं पडली. बाजूनं तेरा, विरुद्ध अडतीस.

[दृश्य : दिल्लीचं जुनं सचिवालय, आजची विधानसभा.]

राजधानी दिल्लीला गेली, पाठोपाठ कौन्सिलही. गोखले सदस्य राहिले, पण मधुमेहानं शरीर पोखरलं होतं, आणि सरकारी नोकऱ्यांच्या प्रश्नावर नेमलेल्या कमिशनच्या कामानं उरलेली ताकद संपवली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात ते वारले. वय अठ्ठेचाळीस.

सक्तीच्या शिक्षणाचा कायदा मुंबईच्या प्रांतिक कौन्सिलात विठ्ठलभाई पटेलांनी नेटानं पुढं नेला आणि १९१८ मध्ये तो मंजूर झाला. नगरपालिकांपुरता, आणि तोही ज्यांना हवा त्यांच्यासाठीच.