साडेअकरा पौंड आणि आडनावाची जागा

१९१३ साली बडोद्याच्या दरबाराने एका २२ वर्षांच्या तरुणाला कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. महिना साडेअकरा पौंड. तरुण होते भीमराव आंबेडकर. अट एकच, परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. १९१७ मध्ये ते रुजू झालेही. पण या शहरात त्यांना स्वतःच्या नावाने राहायला जागा कुणी दिली नाही, आणि काही दिवसांतच बडोदं सोडावं लागलं. सयाजीरावांची थोरवी गाताना आपण बडोदेकर हा भाग भरभर उरकतो.

आता शिष्यवृत्त्या सरकारी योजनांच्या. आता कागद जुळावे लागतात.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरात बारावीच्या निकालाला पेढे येतात. फीचा विषय निघतो रात्री, जेवणं झाल्यावर. आणि कुणीतरी म्हणतंच, ‘आपल्याला कुठली शिष्यवृत्ती मिळतेय!’

मिळू शकते. गुजरातची मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना ८० पर्सेन्टाइल मागते, म्हणजे शंभरातल्या ८० जणांच्या पुढे असणं; ८० टक्के गुण नव्हे. कमी टक्क्यांतही तेवढे पर्सेन्टाइल भरू शकतात. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ६ लाखांच्या आत हवं. मदत निम्म्या ट्यूशन फीची: इंजिनिअरिंगला ५० हजारांपर्यंत, मेडिकलला २ लाखांपर्यंत. केंद्राची शिष्यवृत्ती बोर्डाच्या वरच्या २० पर्सेन्टाइलमधल्यांना, साडेचार लाखांच्या आतल्या उत्पन्नाला. पदवीला वर्षाकाठी १२ हजार. ती घेतली की दुसरी सरकारी शिष्यवृत्ती चालत नाही. म्हणजे आधी हिशेब करा. सयाजीराव विद्यापीठात कमी फीच्या बीएला बसलेल्या मुलीला केंद्राचे १२ हजार परवडतील. खासगी इंजिनिअरिंगवाल्याने राज्याकडेच जावं.

खरी अडचण नावाची. गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आपल्या आधारवर ते शेवटी, आणि पासबुकात वडिलांच्या नावाचं नुसतं एक अक्षर. माणसाला कळतं, पोर्टलला कळत नाही. त्यामुळे निकालाची वाट पाहत बसण्यापेक्षा परीक्षेनंतरच्या सुट्टीत आधार दुरुस्त करून घ्यावा, मामलतदार कचेरीतून उत्पन्नाचा दाखला काढून ठेवावा.

बँकेतही एक गोम आहे. केवायसीला आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खातं आधारशी जोडलं गेलं, असं नाही. सरकारी पैसे सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. ते आजोबांनी लहानपणी उघडून दिलेलं, विस्मरणात गेलेलं खातंही असू शकतं. बँकेत जाऊन ‘डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) कोणतं खातं जोडलंय?’ एवढं विचारायचं.

केंद्राच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरला की तो कॉलेजच्या लॉगिनमध्ये जातो. तिथे पडताळणी झाली नाही, तर पुढे कुणीच तो पाहत नाही. म्हणून मुदत संपायच्या आठवडाभर आधी कार्यालयात डोकवावं. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच, नूतनीकरणासाठी. केंद्राच्या शिष्यवृत्तीला तेव्हा ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. गुणांची काळजी सगळे करतात, हजेरीचा हिशेब मात्र क्लासच्या नादात राहून जातो.