लायब्ररीचं बजेट कापलं की कात्री नेमकी कुठे लागते?

नमस्कार मंडळी! आज आधी एक गणित करू.

समजा, एका सार्वजनिक लायब्ररीला वर्षाला १०० रुपये मिळतात. त्यातले ६५ पगारांवर जातात. २० जातात इमारत, वीज, दुरुस्ती, इंटरनेट यांवर. उरले १५, ते पुस्तकांसाठी. आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत, पण पगार हा सगळ्यात मोठा खर्च आणि पुस्तकं हा त्यामानाने छोटा, हे चित्र बहुतेक ठिकाणी असंच दिसतं.

आता वरून निरोप येतो : यंदा १० टक्के कपात. ग्रंथपालाने काय करायचं? माणसं वर्षाच्या मधेच काढता येत नाहीत. विजेचं बिल भरावंच लागतं. छप्पर गळत असेल तर ते पुढच्या वर्षापर्यंत थांबत नाही. मग दहाच्या दहा रुपये त्या १५ मधून जातात.

(पडद्यावर : १५ − १० = ५)

बजेट कापलं १० टक्के, आणि पुस्तकखरेदी कापली गेली ६६ टक्क्यांच्या वर!

यातली खरी मेख पुढे आहे. पहिल्या वर्षी हे कुणाच्या लक्षातही येत नाही. कपाटं भरलेली, दिवे चालू, काउंटरवर माणूस बसलेला. सगळं जिथल्या तिथे. दोन-तीन वर्षं गेली की वाचक म्हणायला लागतात, 'तिथे नवीन काही मिळतच नाही.' येणं कमी होतं. देवघेवीचा आकडा घसरतो. आणि पुढच्या अर्थसंकल्पाच्या बैठकीत तोच आकडा समोर ठेवून कुणीतरी म्हणतं, 'लोक येतच नाहीत, मग इतके पैसे कशाला?' म्हणजे कपातीचा परिणाम हेच पुढच्या कपातीचं कारण होऊन बसतं. म्हणून लायब्ररीचा वार्षिक अहवाल हाती आला तर एकूण खर्चाच्या आधी ग्रंथखरेदीची ओळ बघा. गेल्या चार-पाच वर्षांची ती एक ओळ वाचली की लायब्ररीची तब्येत कळते.

बरं, ही अडचण आजची नाही. अँड्र्यू कार्नेगी हे नाव तुम्ही ऐकलं असेल. पोलादाच्या धंद्यात अफाट पैसा मिळवला आणि १८८३ ते १९२९ या काळात त्या पैशातून जगभरात २,५०९ लायब्ररी उभ्या राहिल्या. पण त्यांची एक अट होती. इमारतीचे पैसे मी देतो. जागा गावाने द्यायची, आणि माझ्या देणगीच्या १० टक्के इतकी रक्कम गावाने दर वर्षी लायब्ररी चालवायला स्वतःच्या कराच्या पैशातून द्यायची. दर वर्षी! काही गावांनी ही अट ऐकून देणगीच नाकारली. कार्नेगींच्या संपत्तीबद्दल, त्यांच्या कारखान्यांतल्या कामगारांबद्दल बोलायचं तर तो वेगळाच वाद आहे, पण हे एक त्यांनी अचूक ओळखलं होतं. बांधायला पैसे देणारे भेटतात. कोनशिलेवर नाव येतं, फोटो निघतो. दहाव्या वर्षी झेरॉक्सच्या शाईचे पैसे द्यायला मात्र कुणी पुढे येत नाही.

आता यात मंदी आणा. मंदीत दुकानाकडे गिऱ्हाईक कमी येतं, लायब्ररीत उलट गर्दी वाढते. ज्यांची नोकरी गेली ते अर्ज भरायला येतात, नवं काही शिकायला येतात, पेपर वाचायला येतात. जे आधी पुस्तकं विकत घेत होते तेही रांगेत उभे राहतात. आणि नेमकं त्याच वेळी कराचं उत्पन्न आटलेलं असल्यामुळे लायब्ररीला मिळणारे पैसे घटतात. १९३० च्या दशकातल्या महामंदीत अमेरिकेत हेच झालं : पुस्तकांची मागणी चढली आणि खरेदीचे पैसे उतरले.

त्या काळातली एक योजना मला फार आवडते. केंटकी राज्याच्या डोंगराळ भागात १९३५ ते १९४३ या काळात बायका घोड्यांवर, खेचरांवर पुस्तकं लादून घरोघर पोचवत होत्या. सरकारी रोजगार योजना त्यांना पगार द्यायची. पण फक्त पगार! पुस्तकांसाठी पैसा नाही. म्हणजे मघाच्या गणिताची बाजू एकदम उलटी : माणसं आहेत, पुस्तकं नाहीत. मग देणगीतून आलेली जुनी पुस्तकं, वाचून फाटलेली मासिकं गोळा व्हायची. जी अगदीच चिंध्या झालेली, त्यांतले पाककृतींचे, शिवणकामाचे, गोष्टींचे तुकडे कापून वहीत चिकटवायचे आणि ती वही पुस्तक म्हणून फिरवायची. लोकांनी या वह्या अगदी आवडीने वाचल्या. हे ऐकून 'बघा, पैशांशिवायही होतं' असं कुणी म्हणायला लागलं तर त्याला सांगा, त्या बायकांना दर महिन्याला पगार मिळत होता. तो बंद झाला आणि योजनाही संपली.

पैसा एकाच झऱ्यातून येत असेल तर काय होतं, त्याचं उदाहरण २००७ चं आहे. अमेरिकेतच, ऑरेगन राज्यातली जॅक्सन काउंटी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग). तिथल्या जंगलांतली लाकूडतोड घटल्याच्या मोबदल्यात केंद्र सरकारकडून काउंटीला पैसे यायचे. ती मदत संपली. लायब्ररीसाठी जास्तीचा कर द्यायचा का, यावर मतदान झालं. लोक नाही म्हणाले. एप्रिल २००७ मध्ये काउंटीतल्या सगळ्या, म्हणजे १५ च्या १५ शाखा एकदम बंद झाल्या. ऑक्टोबरमध्ये उघडल्या, पण कमी तासांसाठी, आणि कारभार एका खासगी कंपनीकडे सोपवून. इथे वाचकांचं काही चुकलं नव्हतं, ग्रंथपालांचंही नाही. लाकूडतोडीच्या अर्थकारणाला धक्का बसला आणि त्याचा फटका लायब्ररीच्या दाराला बसला.

आतापर्यंत आपण पैसे कमी मिळण्याबद्दल बोललो. पण पैसे तेवढेच राहिले आणि वस्तू महागली, तरी ती कपातच. विद्यापीठांच्या लायब्ररींची खरी दुखरी नस ही आहे, आणि तिचं नाव आहे संशोधन-जर्नल.

या बाजाराचा नियमच विचित्र आहे. संशोधक लेख लिहितात, जर्नलकडून त्याचे पैसे मिळत नाहीत. दुसरे संशोधक तो लेख तपासतात, तेही सहसा फुकट. मग प्रकाशक ते जर्नल त्याच विद्यापीठाच्या लायब्ररीला विकतो. आणि एक जर्नल महाग झालं म्हणून त्याऐवजी दुसरं स्वस्त घेता येत नाही, कारण तो लेख दुसरीकडे नसतोच. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रकाशकांनी शेकडो-हजारो जर्नलांचं एकगठ्ठा पॅकेज विकायला सुरुवात केली. सुरुवातीला लायब्ररींना ते फायद्याचं वाटलं. पण गठ्ठ्याची किंमत दर वर्षी वाढत राहिली, आणि त्यातून नको ते काढून टाकायची सोय नव्हती. मग बजेटचा मोठा हिस्सा दोन-चार प्रकाशकांकडे बांधला गेला, आणि कात्री लागली ती छोट्या प्रकाशकांच्या पुस्तकांना.

एप्रिल २०१२ मध्ये हार्वर्डच्या ग्रंथालयविषयक सल्लागार मंडळाने आपल्या प्राध्यापकांना लेखी कळवलं की जर्नलांचा खर्च वर्षाला ३७.५ लाख डॉलरच्या आसपास गेलाय, आणि हे असंच चालू ठेवणं परवडणारं नाही. हार्वर्ड म्हणतंय हे! जगातलं सगळ्यात श्रीमंत विद्यापीठ. मग बाकीच्यांनी काय म्हणायचं?

बाकीच्यांनी हळूहळू नाही म्हणायला सुरुवात केली. कॅलिफोर्निया विद्यापीठाने फेब्रुवारी २०१९ मध्ये एल्सव्हिअर या बड्या प्रकाशकाशी चाललेली बोलणी थांबवली. दोन वर्षं करार नव्हता. विद्यापीठ कोसळलं नाही. लेखकांनी स्वतः खुल्या ठेवलेल्या प्रती लोकांनी शोधल्या, दुसऱ्या लायब्ररीकडून लेख मागवले, थेट लेखकाला ईमेल केले. मार्च २०२१ मध्ये नवा करार झाला, आणि त्यात विद्यापीठाच्या संशोधकांचे लेख सगळ्यांसाठी खुले करायची सोय होती. न्यूयॉर्क राज्याच्या विद्यापीठ-समूहाने २०२० मध्ये वेगळा हिशेब केला : सुमारे २,२०० जर्नलांच्या गठ्ठ्याऐवजी नेमकी २४८ निवडली आणि बाकीची सोडली. मला ही दुसरी वाट जास्त शहाणपणाची वाटते. कारण तिथे आधी कुणीतरी बसून पाहिलं की कुठलं जर्नल खरंच उघडलं जातं. कंटाळवाणं काम आहे, पण पैसे वाचतात ते अशाच कामातून.

भारताने तिसरी वाट धरली. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नलं, आणि ती ६,३०० हून जास्त सरकारी संस्थांना एकत्र उपलब्ध. छोट्या कॉलेजाला जे स्वतःच्या बळावर कधीच घेता आलं नसतं ते मिळालं, हे खरंच. पण सौदा देशाने केला तरी पॅकेज ते पॅकेजच. तीन वर्षं संपतील तेव्हा वाटाघाटीच्या टेबलावर कुणाचं पारडं जड असेल, हा प्रश्न उरतोच.

आता ई-बुक. इथे बऱ्याच लोकांचा गैरसमज असतो : डिजिटल झालं म्हणजे स्वस्त झालं. लायब्ररीच्या बाबतीत अनेकदा उलटं घडतं. छापील पुस्तक विकत घेतलं की ते लायब्ररीचं. फाटेपर्यंत, हरवेपर्यंत कितीही वेळा द्या, प्रकाशकाला विचारायची गरज नाही. ई-बुक मात्र लायब्ररी सहसा विकत घेतच नाही, त्याचं लायसन घेते. भाड्याच्या घरासारखं : करार संपला की सामान बाहेर, आणि नवं भाडं घरमालक ठरवणार. २०११ मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशकाने अट घातली की एक ई-बुक २६ वेळा दिलं की संपलं, पुन्हा पैसे भरा. २०१९ च्या नोव्हेंबरपासून मॅकमिलन या दुसऱ्या प्रकाशकाने नवीन पुस्तकाची पहिल्या आठ आठवड्यांत प्रत्येक लायब्ररी-व्यवस्थेला, म्हणजे तिच्या सगळ्या शाखांना मिळून, एकच ई-प्रत द्यायचं धोरण आणलं. भल्यामोठ्या शहराच्या व्यवस्थेलाही एकच! अनेक लायब्ररींनी त्यांच्या ई-बुकांवर बहिष्कार टाकला आणि मार्च २०२० मध्ये ते धोरण मागे घेतलं गेलं. आता दोन वर्षांनी संपणारी लायसन सर्रास दिसतात. त्यामुळे पूर्वी खरेदीचे पैसे कापले तर जुना संग्रह तरी शाबूत राहायचा. आता कापले तर काल दिसणारं पुस्तक आज यादीतून गायब होऊ शकतं.

मग तग कसा धरतात? सगळ्यात जुना आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाचा उपाय म्हणजे वाटून घेणं. एकच पुस्तक हजार लायब्ररींत आलं की हजार ग्रंथपाल त्याची तीच तालिका-नोंद (पुस्तकाचं नाव, लेखक, विषय यांची सूचीतली नोंद) करत बसायचे. १९६७ मध्ये ओहायो राज्यातल्या कॉलेजांनी एकत्र येऊन ओसीएलसी ही संस्था काढली, फ्रेड किलगोर तिचे पहिले प्रमुख. १९७१ पासून नोंद एकाने करायची आणि बाकीच्यांनी ऑनलाइन उचलायची, असं सुरू झालं. त्या सामायिक सूचीमुळे कुठलं पुस्तक कुणाकडे आहे हेही कळायला लागलं, आणि आंतरग्रंथालयीन देवघेव सोपी झाली. पाच लायब्ररींनी तेच महाग पुस्तक घेण्यापेक्षा एकाने घ्यावं, चौघांनी मागवावं. यात वाचकाला काही दिवस थांबावं लागतं, एवढंच.

काही उपाय मात्र कागदावरच उत्पन्न वाढवतात. पुस्तक उशिरा परत केल्याचा दंडच बघा. तो लावून होणारी कमाई बजेटच्या मानाने किरकोळ, आणि ज्याला तो परवडत नाही तो पुस्तकही परत करत नाही, स्वतःही येत नाही. शिकागोच्या सार्वजनिक लायब्ररीने ऑक्टोबर २०१९ मध्ये दंड बंद केला, आणि पुढच्या काही आठवड्यांत रखडलेली पुस्तकं परत येण्याचं प्रमाण २४० टक्क्यांनी वाढल्याचं तिथून सांगण्यात आलं. परत आलेलं प्रत्येक पुस्तक म्हणजे नव्याने घ्यावी न लागलेली एक प्रत.

स्वयंसेवकांबद्दल मी थोडा साशंक आहे. इंग्लंडमध्ये २०१० नंतरच्या कपातीत अनेक शाखा स्थानिक लोकांच्या हाती दिल्या गेल्या. काही छान चालतात. पण दार उघडणं, पुस्तक देणं-घेणं आणि कुठल्या वाचकाला काय लागेल हे ओळखून संग्रह घडवणं, ही वेगवेगळी कामं आहेत. शिवाय सवड असलेली निवृत्त माणसं ज्या वस्तीत जास्त, तिथेच स्वयंसेवक मिळतात. ज्या वस्तीला लायब्ररीची गरज सगळ्यात जास्त, तिथे सहसा मिळत नाहीत.

शेवटी एक किस्सा सांगतो. मिशिगन राज्यातलं ट्रॉय शहर, २०११. लायब्ररी वाचवण्यासाठी कर थोडा वाढवायचा होता. आधीची मतदानं हरलेली. विरोधकांचा सगळा प्रचार 'कर' (टॅक्स) या एका शब्दावर. तेव्हा शहरात अचानक पाट्या लागल्या : '२ ऑगस्टला लायब्ररी बंद करायला मत द्या, ५ ऑगस्टला पुस्तकं जाळायच्या पार्टीला या.' लोक खवळले! एरवी मतदानाला न जाणारेही बोलायला लागले. मग उघड झालं की पाट्या लायब्ररीच्याच बाजूच्या लोकांनी लावल्या होत्या. कर मंजूर झाला, लायब्ररी वाचली.

युक्ती भन्नाट होती, पण ती पुन्हा चालणार नाही. दुसऱ्यांदा कुणी तशी पाटी लावली तर लोक हसून पुढे जातील.

ई-बुक लायसनच्या करारांत नेमकं काय लिहिलेलं असतं यावर वेगळा व्हिडिओ हवा असेल तर खाली कमेंटमध्ये सांगा. आणि तुमच्यापैकी कुणी ग्रंथपाल असाल तर तुमच्याकडे कपातीची पहिली कात्री कशाला लागली, तेही लिहा.