तुळजाभवानीची झोप

मंडळी, माझ्या आधीच्या वक्त्यांनी महिषासुराचा निकाल लावून टाकलाय, त्यामुळे माझ्या वाट्याला युद्ध काही उरलेलं नाही. मी झोपेवर बोलणार आहे. हसा, पण तुळजापूरच्या नवरात्राचा विषय झोपेपासूनच काढावा लागतो.

आपण घट बसले की नवरात्र लागलं म्हणतो. तुळजापुरात मात्र भाद्रपद वद्य अष्टमीलाच संध्याकाळी देवीला सिंहासनावरून उचलतात आणि शेजघरात पलंगावर निजवतात. ही घोरनिद्रा. घटस्थापनेच्या पहाटे ती उठते, सिंहासनावर बसते आणि मग घट बसतात. दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की पुन्हा पलंग, थेट अश्विनी पौर्णिमेपर्यंत. तिला म्हणतात श्रमनिद्रा. तिसरी मोहनिद्रा पौषात, शाकंभरी नवरात्राच्या तोंडावर.

आता शेजारती काय, सगळ्याच देवांना होते. पडदा ओढला, दिवा मंद केला, देव झोपले. मूर्ती असते तिथेच. इथं तसं नाही. ही मूर्ती चल आहे. गंडकी शिळेची, अष्टभुजा, जेमतेम तीन फुटांची. ती खरोखर उचलली जाते आणि खरोखर आडवी होते. त्या दिवसांत दर्शनाला गेलात तर निजलेल्या आईचं दर्शन घ्यायचं. सिंहासनावरचे अभिषेकही तेव्हा बंद. झोपलेल्या बाईच्या अंगावर दही-दूध कोण ओततं?

पंढरपूरची रीत याच्या अगदी उलटी. आषाढी जवळ आली की विठ्ठलाचा पलंग काढतात आणि देव २४ तास उभा राहतो. वारी सरली की प्रक्षाळपूजा, शीण घालवायला काढा. म्हणजे गर्दीच्या दिवसांत आपण विठोबाची झोपच काढून घेतो. तुळजापूरची आई कामाला लागण्याआधी झोप काढून घेते आणि काम उरकलं की पुन्हा अंग टाकते. घरातली बाई आणि घरातला पुरुष यांत कोणाला कधी विश्रांती मिळते, याच्या नेमकं उलटं झालंय हे. बायका हसल्या, पुरुष गप्प आहेत, पुढे जाते.

तिच्या नावाची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. कर्दम ऋषींमागे त्यांची बायको अनुभूती मंदाकिनीकाठी तप करत होती, कुकुर दैत्य आडवा आला, तिनं हाक मारली आणि देवी त्वरेनं धावली. म्हणून त्वरिता, त्वरिताची तुळजा. भाषाशास्त्रज्ञ काय म्हणायचं ते म्हणोत, मला ही व्युत्पत्ती आवडते. जी हाकेसरशी धावते, तिचाच थकवा लोकांनी लक्षात ठेवलाय आणि त्याला नावही साधं दिलंय. श्रम.

झोपेची तयारी बघा. देवीच्या गाद्यांचा कापूस आधी पिंजला जातो, त्याचा मान मुसलमान पिंजारी घराण्याकडे. आराधी, म्हणजे देवीची सेवा करणाऱ्या, बायकाही त्या कापसाला हात लावायला जमतात, गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर मळवट. दसऱ्यासाठी पलंग घोडेगावचा, पालखी बुऱ्हाणनगरची. दोन्ही दरवर्षी येतात, वाटेत गावोगावी लोक दर्शन घेतात. मला यात गंमत वाटते. रिकामा पलंग, पण त्यालाही लोक नमस्कार करतात.

आणि मग दशमीची पहाट. देवीला १०८ साड्यांचं दिंड बांधतात. म्हणजे साडीवर साडी, घडीवर घडी, गुंडाळत जायचं. मूर्ती पालखीत हिंदकळू नये, तिला धक्का लागू नये, एवढाच त्यामागचा हिशोब असावा असं मला वाटतं. पण बघताना तान्ह्या बाळाला दुपट्यात बांधल्यासारखं दिसतं. मग संबळ, कुंकवाची उधळण, ‘आई राजा उदो उदो’चा गजर. पायाखाली, अंगावर, पापण्यांवर कुंकू. देवळाभोवती प्रदक्षिणा, पिंपळाच्या पारावर विसावा. तिथून आत आणि पलंगावर.

मी सोलापूरची. आमच्याकडून तुळजापूर पंचेचाळीसेक किलोमीटर. कोजागरीला अख्खा रस्ता चालणाऱ्यांनी भरतो. पौर्णिमेला ती उठते ना, तिला उठल्या उठल्या बघायचं असतं. आमची आजी पुढे पुढे गुडघ्यांमुळे जाऊ शकायची नाही. पण नवरात्राचे नऊ दिवस ती सतरंजीवर झोपायची आणि दसरा झाला तरी पलंगावर जायची नाही. मी लहान होते, तिला म्हटलं, “आज्जी, उपास सुटला की गं, आता झोप की वर.”

ती म्हणाली, “पलंग आता तिचाय. पुनवेला उठंल, मग मी झोपते.”

पौर्णिमेच्या सकाळी ती गादी गच्चीवर नेऊन उन्हात टाकायला लावायची, आणि दुपारी जेवण झालं की त्या ऊन ऊन गादीवर घोरत पडायची. तिला उठवायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती.